दोन्ही वायरी ठीक होत्या

ज्ञानचंद शेठनी लता नेहेतेला धुळ्याला पाठवलं ते मंदाबाईचा राजीनामा आणायला. सर्व्हर तपासायला नव्हे.

जळगावात 'दैनिक तापीकाठ'च्या मुख्य कचेरीत लता कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. सावद्याकडची, जळगावातच इंजिनिअर झालेली, तिशीला टेकलेली. मे महिन्यातल्या त्या सकाळी शेठनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि धुळे आवृत्तीचा एक अंक तिच्यापुढे सरकवला. शिंदखेड्याचे मोतीलाल गुरुजी वारले होते. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून अर्ध्या पानाची श्रद्धांजली दिली होती. पानावर गुरुजींची टोपी होती, कपाळ होतं, चष्मा होता. नाकाखाली काही नव्हतं. नुसता करडा पट्टा, थेट नावापर्यंत.

"आणि हा दुसऱ्या दिवशीचा," शेठ म्हणाले.

दुसऱ्या अंकात पहिल्याच पानावर चौकटीत दिलगिरी होती. 'आमच्या धुळे कार्यालयातील संगणक-चालिकेच्या हलगर्जीपणामुळे' अशी तिची सुरुवात होती.

लताची कानशिलं तापली. धुळ्याच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसणारी बाई एकच होती, मंदाबाई. नाव छापायची गरजच उरली नव्हती.

"चूक तिची आहे हे कोणी ठरवलं, शेठजी?"

"चुडामण आबांनी कळवलं. नाशिकची कंपनी पण सांगते, मशीन बरोबर आहे. गुरुजींचा मुलगा कचेरीत येऊन अंकाचा गठ्ठा आबांच्या टेबलावर आपटून गेला. त्याच्या आधी साडीवाल्याची जाहिरात अर्धी आली, सोनाराची अर्धी आली. सगळी पानं त्याच बाईच्या हातची. मी काय समजायचं?"

"मशीन बघून मग समजायचं."

शेठनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं. त्यांच्याशी असं कोणी बोलत नसे. "तुम्ही बाई आहात म्हणून तुम्हाला पाठवतो," ते म्हणाले. "पुरुष माणूस गेला तर ती रडेल, ओरडेल. नीट समजावून सही घ्या."

हे वाक्य लता एरंडोलपर्यंत मनात घोळवत राहिली, पारोळ्यापर्यंतही. एसटीच्या खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती, पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. बाई आहात म्हणून. शेठच्या तोंडावर काय बोलायला हवं होतं ते तिला वाटेत दहा तऱ्हांनी सुचलं आणि दर वेळी राग थोडा आणखी चढला.

धुळे कार्यालयाचे व्यवस्थापक चुडामण आबा दारातच भेटले. पांढरे कपडे, गोड जीभ. माठातलं पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि टाइप केलेला राजीनामा पुढे ठेवला. खाली सहीसाठी जागा सोडलेली होती.

"मंदाबाई येत नाही कामावर," ते म्हणाले. "देवपुरात घर आहे. कचेरीतला पोरगा दाखवील."

"आधी मला सर्व्हर दाखवा."

"सर्व्हरला काय झालंय? नाशिकचा इंजिनिअर येऊन बघून गेला. ऊन फार आहे, म्हणून खोलीत दुसरा एसी पण लावला आपण."

सर्व्हरची खोली खरोखरच थंडगार होती. बाहेर दोघे ऑपरेटर बातम्यांचा मजकूर लावत बसले होते. त्यांचं काम बिनबोभाट चाललं होतं, आणि आबांचा सगळा दावा त्यावरच उभा होता: सर्व्हर बिघडला असता तर या दोघांचीही पानं बिघडली नसती का?

लता मंदाबाईच्या खुर्चीत बसली. गुरुजींचं पान उघडलं. पडद्यावर गुरुजी पूर्ण होते, ओठ, हनुवटी, शर्टाचं बटण, सगळं.

"बघा," आबा म्हणाले. "इथे पूर्ण आहे. मग छापताना तिनेच काहीतरी केलं ना?"

"आबा, पडद्यावर दिसतो तो फोटोचा पातळ नमुना. खरा, जड फोटो सर्व्हरवर असतो. छपाईची फिल्म निघते तेव्हा मशीन तो खरा फोटो तिथून उचलतं." तिने सर्व्हरवरची फाइल शोधून काढली. ती असायला हवी त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. "फोटो सर्व्हरवर पोचलाच नाही पूर्ण. अर्ध्या वाटेत राहिला."

"म्हणजे तिने मध्येच बंद केलं असणार."

टेबलाच्या खणात साडीवाल्याच्या जाहिरातीचा मूळ फोटो पडला होता. तो लताने स्वतः स्कॅन केला आणि सर्व्हरवर टाकायला सुरुवात केली. पट्टी भरभर पुढे सरकली, मग अडखळली, मग थांबली. पडद्यावर इंग्रजीत चौकट आली: संपर्क तुटला, पुन्हा प्रयत्न करायचा का? तिने 'हो' दाबलं. पट्टी शेवटपर्यंत गेली, काम झाल्याची खूण आली. मग तिने सर्व्हरवर जाऊन पाहिलं. फाइल अर्धवटच होती.

"आबा, मी पण हलगर्जी का?"

चुडामण आबांनी चष्मा काढून पुसला. "एखाद्या वेळी होतं असं," ते म्हणाले.

कॉम्प्युटर एक मोठी फाइल एकदम पाठवत नाही. तिचे बारीक बारीक तुकडे करतो, प्रत्येकावर पत्ता घालतो आणि सोडतो. त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. चार-दोन हरवली तर पुन्हा मागवता येतात. फार हरवायला लागली की दोन्ही टोकं थकतात आणि मध्येच हात सोडतात. बातमीचा मजकूर म्हणजे मूठभर पॅकेटं. फोटो म्हणजे ढीग. धुळ्याच्या कचेरीत फोटोचं सगळं काम एकटी मंदाबाई करत होती. म्हणून हरवायचं ते तिचंच हरवायचं, आणि लताला हे कळायला एक फोटो पुरला होता. नाशिकच्या इंजिनिअरला का कळू नये? ती राजीनाम्याचा कागद पर्समध्ये कोंबून देवपुरात गेली ती हाच प्रश्न घेऊन.

मंदाबाईने दार उघडलं, लताला ओळखलं आणि दारातच उभी राहिली. चाळिशी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मजबूत बाई. एके काळी याच पेपरात हाताने छपाईचे खिळे जुळवायची. कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे सोडून गेले आणि ही शिकली.

"आण कागद," ती म्हणाली. "करस मी सही. पण चूक मनी शे असं मी लिखाव नही."

सावद्याकडच्या लताला अहिराणी कळायची, बोलता यायची नाही. "चूक तुमची असं मीही म्हणत नाही. कागद राहू द्या," ती म्हणाली. "मला फक्त सांगा, ती चौकट कधीपासून येते?"

मंदाबाई थोडी बाजूला झाली. लता आत जाऊन खाटेवर टेकली. मग मंदाबाई बोलायला लागली आणि तिचा आवाज एकदाही खाली आला नाही. एप्रिलात विजेचा झटका बसून कचेरीतली काही यंत्रं जळाली होती, भिंतीवरचा वायरींचा डबाही त्यांतच. नवी बसवली, तेव्हापासून चौकट येत होती. तिने आबांना सांगितलं. आबा म्हणाले, तुझा हात खिळ्यांना सरावलेला, या मशीनला नाही. तिने पुन्हा सांगितलं. आबा म्हणाले, 'हो' दाबत जा. ती 'हो' दाबत गेली.

ती दिलगिरी सगळ्यांनी वाचली होती. "बठ्ठासनी वाचं ते," ती म्हणाली. "भाजीवाली इचारस, गुरुजीसना फोटो तूच काटा ना? माले कोणी नही इचारं. छापी टाकं."

लताने पर्समधला कागद बाहेर काढलाच नाही. ती उठली. "उद्या नाशिकच्या माणसाला बोलावते. तुम्ही पण या."

"मी त्या कचेरीमा पाय ठेवाव नही."

"बरं," लता म्हणाली. तिला त्याचंही वाईट वाटलं नाही. आपणही ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढता चढता नाशिकहून इंजिनिअर आला आणि लता बघतच राहिली. तो सुकदेव होता. कॉलेजात चार वर्षं तिच्या मागच्या-पुढच्या बाकावर बसलेला, चोपड्याचा सुकदेव. परीक्षेच्या आधी तिच्या खोलीबाहेर उभा राहून शंका विचारणारा.

"लता, तू इथे?" तो हसला.

"तू मागच्या आठवड्यात आला होतास? मशीन बरोबर आहे असं तू लिहून दिलंस?"

"आहेच बरोबर. चल, तुझ्यासमोर दाखवतो."

सर्व्हरच्या पाठीला नेटवर्कची दोन पोर्ट होती, वायर खुपसायची तोंडं. दोन्हींतून एकेक वायर निघून भिंतीवरच्या स्विचला जात होती. सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथे एकत्र येतात तो हा डबा. दोन पोर्ट जोडून एकच रुंद रस्ता केलेला होता. एकावर गर्दी झाली तर दुसऱ्याने ओढायचं, एक तुटलं तर दुसऱ्याने चालवायचं. नाशिकच्या कंपनीने शेठना ही व्यवस्था मोठ्या कौतुकाने विकली होती.

सुकदेवने पहिली वायर काढली. उरलेल्या एकीवर त्याने साडीवाल्याचा फोटो पाठवला. पूर्ण पोचला. मग ती काढून पहिली लावली. पुन्हा पूर्ण पोचला. मंदाबाईच्या कॉम्प्युटरकडून त्याने सर्व्हरला सारख्या हाका मारवल्या, 'आहेस का?' असे छोटे छोटे निरोप. प्रत्येक हाकेला उत्तर आलं.

"ही वायर ठीक. ती वायर ठीक," तो आबांकडे वळून म्हणाला. "दोन्ही पोर्ट ठीक. आता आणखी काय तपासायचं?"

आबांनी लताकडे असं पाहिलं की झालं ना समाधान.

"आता दोन्ही लाव," लता म्हणाली.

"दोन्ही ठीक आहेत म्हटल्यावर—"

"लाव, सुकदेव."

त्याने लावल्या. लताने दोघा ऑपरेटरांना उठवून त्यांच्याही कॉम्प्युटरवरून मोठमोठे फोटो पाठवायला सांगितले, मंदाबाईच्या कॉम्प्युटरवरच्या हाका चालू ठेवल्या आणि पडद्यासमोर उभी राहिली. उत्तर आलं. उत्तर आलं. उत्तर नाही. उत्तर आलं. उत्तर नाही. उत्तर नाही. शेजारच्या पडद्यावर चौकट उगवली, मग दुसऱ्याच्या. आयुष्यात कधी फोटो न पाठवलेले ते दोघे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले.

"एकेकटी ठीक," लता म्हणाली. "दोन्ही मिळून खराब. असं कशाने होतं?"

सुकदेव पडद्याकडेच बघत होता. "लोड असेल, कामाची गर्दी," तो म्हणाला.

"लोड असता तर एकीवर जास्त हरवलं असतं, दोघींवर कमी. इथे उलटं आहे. काल दोन्ही लावलेल्या होत्या तर मी एकटीने पाठवलेला एकच फोटो तुटला." ती स्विचकडे गेली. "एप्रिलात जळालेला डबा आणि हा, एकच मॉडेल का?"

"त्याच्याच जातीचा आहे."

"मी मॉडेल विचारलं."

लताने स्टूल ओढलं, वर चढून डब्याच्या बाजूचं लेबल वाचलं आणि खाली उतरली. मॉडेल वेगळं होतं. आता तिला विचारायची गरज नव्हती, तरी तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं.

"आबांना सांग," ती म्हणाली. "साध्या मराठीत सांग. त्यांनी बाईला घरी बसवलंय."

सुकदेवने कपाळावरचा घाम पुसला. इतक्या थंड खोलीत त्याला घाम आला होता. "सर्व्हर दोन्ही पोर्टना एकच नाव लावतो," तो हळू म्हणाला. "समोरच्या डब्यालाही ठाऊक पाहिजे की हे दोन मिळून एकच आहेत. आधीच्या डब्याला तसं सांगता यायचं. याला नाही येत. याला वाटतं, सर्व्हर क्षणात या तोंडावर आहे, क्षणात त्या. तो पत्ता सारखा बदलत बसतो. त्या गडबडीत पॅकेटं पडतात."

"हे तुला केव्हा कळलं?"

"लता, आमचे साहेब म्हणाले, तो डबा मुंबईहून यायला वेळ आहे, तोपर्यंत हा चालवून घे."

"केव्हा कळलं?"

"बसवला त्याच दिवशी."

लता सर्व्हरच्या मागे गेली. "मग एक वायर काढून का नाही ठेवलीस? एकीवर सगळं नीट चालतं, आत्ता तूच दाखवलंस. डबा येईपर्यंत एकीवर चाललं असतं."

"एक काढली की सर्व्हरच्या तोंडावर पिवळा दिवा लागतो. कोणीतरी विचारलं असतं. दुहेरी रस्ता विकलाय आणि एकेरी चालतोय, असं झालं असतं. साहेबांनी नको म्हटलं."

"दिवा दिसू नये म्हणून."

"मला काय ठाऊक की ते बाईला काढतील—"

"तू मागच्या आठवड्यात आलास तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती, सुकदेव. ती का रिकामी आहे हे तुला आबांनी सांगितलं होतं. आणि तू काय केलंस? ही वायर ठीक, ती वायर ठीक."

तिने हात लांब करून सर्व्हरच्या पाठची एक वायर उपटली. पिवळा दिवा लागला. ऑपरेटरांनी तेच फोटो पुन्हा पाठवले आणि पडद्यावरच्या पट्ट्या सरसर शेवटाला गेल्या. पोचलेल्या फाइली तिने एकेक करून तपासल्या, कारण आता तिचा कोणावर विश्वास राहिला नव्हता. सगळ्या पूर्ण होत्या.

"चला, मिटलं," आबा म्हणाले. "मंदाबाईला निरोप धाडतो, उद्यापासून ये म्हणून."

"आबा, तिने तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

"रोज कोणी ना कोणी काहीतरी सांगतं, ताई. कुठे कुठे लक्ष द्यायचं?"

लताने त्यांच्याच टेबलावरून जळगावला फोन लावला. शेठनी सगळं ऐकून घेतलं, नाशिकच्या साहेबाला दोन जळजळीत शब्द वापरले आणि म्हणाले, "छान काम केलंत. बाईला परत घ्या."

"आणि जे छापलं ते?"

"ते आता होऊन गेलं. पेपर रोज स्वतःचे खुलासे छापत बसला तर लोक बातम्या कशाला वाचतील?"

"पहिल्या पानावर छापलंत, शेठजी. शोधून काढलेलं नसताना छापलंत. आता शोधून काढलंय."

"लताताई, तुम्ही कॉम्प्युटर बघा. पेपर मला बघू द्या." फोन ठेवला गेला.

ती पुन्हा देवपुरात गेली. सगळी हकीकत सांगितली, सुकदेवची, दिव्याची, फोनचीसुद्धा. मंदाबाईने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण उमटेल असं लताला वाटलं होतं. उमटली नाही.

"त्याले पहिलापासून माहीत व्हतं?"

"हो."

मंदाबाई उठली, पायात चपला घातल्या. "चाल," ती म्हणाली. "शिंदखेडाले जाऊ."

गुरुजींच्या घरी ओटीवर सतरंजी अंथरलेली होती. मंदाबाईला पाहताच गुरुजींचा मुलगा गिरधर ताडकन उभा राहिला. तो काही बोलायच्या आत मंदाबाईच बोलली, जोडून ठेवल्यासारखं, शुद्ध मराठीत. "मी ती संगणक-चालिका. पेपरात लिहिलं ते खोटं आहे. खरं काय ते या ताई सांगतात. ऐकून मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

लताने सांगितलं. गिरधर शेतकी खात्यात होता, त्याला पॅकेट आणि पोर्ट काही कळलं नाही, पण दिवा कळला. एक दिवा लागू नये म्हणून, हे त्याने दोनदा म्हणून पाहिलं. आतल्या दारात गुरुजींची बायको सुगंधाबाई उभी होती. तिने मंदाबाईला आत बोलावलं आणि स्वतःजवळ बसवलं.

"आमच्या माणसाचं तोंड खाल्लं ते खाल्लंच," ती म्हणाली. "वरून त्यांच्या नावावर तुला बदनाम केलं. हे त्यांना चाललं नसतं. गिरधर, तू त्या शेठकडे जा. फोन नको करू. जा."

गिरधर गेला. एकटा नाही, गुरुजींचे पाच-सहा विद्यार्थी घेऊन गेला, त्यांतला एक जळगावात वकील होता. केबिनचं दार लावलेलं होतं तरी बाहेर सगळं ऐकू येत होतं. लता आपल्या टेबलाशी बसून ऐकत होती आणि शेठनी बाहेर येताना तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने नजर हलवली नाही.

दोन दिवसांनी गुरुजींचा पूर्ण फोटो छापून आला, अर्धं पान. आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, खुलासाही आला: 'तांत्रिक बिघाडामुळे सदर चूक झाली होती. तिच्याशी कोणाही कर्मचाऱ्याचा संबंध नव्हता.'

लता तो अंक घेऊन धुळ्याला गेली, मुंबईहून आलेला नवा डबा बसतो का ते डोळ्यांनी बघायला. मंदाबाई कामावर आली होती. घरात तीन माणसं तिच्या पगारावर होती. न येऊन चालणार नव्हतं. आबा तिच्याशी गोड बोलत होते आणि ती त्यांना उत्तर देत नव्हती. तिने खुलासा वाचला, बोट ठेवून, एकेक अक्षर.

"बिघाडामुळे," ती म्हणाली. "म्हणजे कोणीच काही नही करं. आपेआप व्हयनं."

"एवढंच छापून घेता आलं," लता म्हणाली.

"तुमना दोष नही, ताई." मंदाबाईने अंक बाजूला सारला आणि पुढचा फोटो स्कॅनरवर ठेवला.

नवा डबा सुकदेवनेच बसवला. दोन्ही पोर्ट दोन्हीकडून एक केली, दोन्ही वायरी लावल्या आणि न सांगता सगळ्या कॉम्प्युटरांवरून एकदम फोटो पाठवून दाखवले. एकही तुकडा हरवला नाही. संध्याकाळी तो लताच्या मागोमाग स्टँडवर आला. जळगाव गाडी लागलेली होती.

"चहा घेऊ," तो म्हणाला. "मी साहेबांना सांगितलंय, पुन्हा असं मला सांगू नका म्हणून."

"मंदाबाईला सांगितलंस?"

"तिला काय सांगू?"

"ती दिवसभर तुझ्यापासून चार हातांवर बसली होती."

सुकदेव म्हणाला, "झालं ना आता सगळं नीट. अजून राग आहे तुझा?"

"हो," लता म्हणाली आणि गाडीत चढली.